मोठा मासा परत सोडला म्हणून तांडेलावर रागावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाबाळांकडे अमेरिकेत उन्हाळा काढून परतलेल्या वाचकांचे अनुभव आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात आणि मी ते आवडीने वाचतो. समुद्रावर गळ टाकायला गेलेल्यांची त्यात एक तक्रार हमखास असते. एवढे डॉलर मोजून बोट केली, चांगला मांडीएवढा मासा लागला, आणि कप्तानाने फोटो काढून तो पाण्यात सोडून दिला! मी मूळचा मालवणकडचा, आता बरीच वर्षे र्‍होड आयलंड या अमेरिकी राज्यात राहतो. हाती आलेला मासा सोडताना कसे जिवावर येते ते मला सांगायला नको. तरीही या बाबतीत मी तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, बाजूचा आहे.

हा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. रुपेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा. र्‍होड आयलंडचा तो 2000 सालापासून राज्यमासा आहे, जसे आपल्याकडे 2023 मध्ये पापलेटला ते स्थान मिळाले. नियम असा की माणशी दिवसाला एकच बास ठेवायचा, आणि तोही किमान 28 इंचांचा पण 31 इंचांच्या आतला. तोंड मिटवून, शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवून पट्टीवर मोजतात. साडेएकतीस भरला की गेला पाण्यात, मग आजोबा पहिल्यांदाच अमेरिकेला आलेले असोत नाहीतर नातवाचा वाढदिवस असो. दंड आणि परवान्याची भानगड कप्तानाच्या गळ्यात येते.

लहान मासा सोडायचा हे पटते. मोठा का सोडायचा? कारण मोठी बास बहुतेक वेळा मादीच असते आणि एकेक मादी लाखो अंडी घालते. हे मासे वसंतात नद्या-खाड्यांत शिरून अंडी घालतात. पूर्व किनाऱ्यावर फिरणाऱ्या बासपैकी बहुतांश मेरीलंड राज्यालगतच्या चेसापीक उपसागरातल्या, काही हडसन आणि डेलावेअर नद्यांमधल्या. उन्हाळ्यात त्या उत्तरेला मेन राज्यापर्यंत चढतात आणि थंडी पडू लागली की परततात. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर मारलेल्या माशाचा हिशेब मेरीलंडमध्ये लागतो. तिथे 1954 पासून दरवर्षी जाळी ओढून त्या वर्षीची पिल्ले मोजतात, आणि 2019 पासून हा आकडा सरासरीच्या बराच खाली राहिला आहे.

याआधी एकदा हा मासा जवळपास संपला होता. 1984 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि 1985 पासून मेरीलंडने काही वर्षे तो मारायलाच बंदी घातली. 1995 मध्ये साठा सावरल्याचे जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे पुन्हा घसरण लागली. 2015 साली जन्मलेली पिल्ले भरपूर होती. ती 2022 मध्ये ठेवण्याजोग्या मापात आली आणि लोकांनी अशी काही लूट केली की 2023 मध्ये तातडीने वरची मर्यादा 35 इंचांवरून 31 वर आणावी लागली. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडच्या संघराज्याच्या पाण्यात तर 1990 पासून बास मारताच येत नाही. आमच्या इथल्या ब्लॉक बेटाच्या नैऋत्येचा खडकाळ उंचवटा बाससाठी नावाजलेला आहे, पण त्याचा काही भाग या रेषेबाहेर पडतो. "तिकडे चला ना, तिकडे मोठे लागतात" असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

इथपर्यंत मी सरकारी नियमांची वकिली केली. आता माझे स्वतःचे मत, जे इथल्या काही तांडेलांनाही आवडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात "ठेवता येत नाही तर निदान पकडून सोडू, मजा म्हणून" असे करत दिवसभर बासमागे लागणे मला पटत नाही. पाणी तापलेले असते, त्यात प्राणवायू कमी, आणि मासा झुंज देऊन दमलेला. सोडलेल्या शंभरातले नऊ मरतात असे शास्त्रज्ञ हिशेबात धरतात. लागलेल्या बासपैकी बहुतेक सोडल्याच जातात, त्यामुळे हे नऊ टक्के थोडे राहत नाहीत. 2020 मध्ये हौशी गळवाल्यांनी ठेवलेल्या माशांपेक्षा सोडल्यावर मेलेले जास्त होते. जिवंत किंवा कापलेले आमिष लावताना गोल वळलेला गळ 2021 पासून सक्तीचा आहे, कारण तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. ते चांगलेच आहे. पण तो मासा मग फोटोसाठी कल्ल्याला धरून उभा टांगायचा आणि चार जणांच्या मोबाइलसमोर फिरवायचा, तर त्या गळाचा उपयोग काय?

माझे म्हणणे एवढेच की माणशी एक बास झाली, किंवा दोन-तीन सोडाव्या लागल्या, की कप्तानाला सांगावे, "आता ब्लूफिशकडे चला." उन्हाळा सरताना हा मासा ऐन भरात असतो. कुरव आणि सुरय एका जागी घिरट्या घालून पाण्यावर कोसळू लागले की समजावे, खाली ब्लूफिशनी बारीक मासळीचा थवा वर रेटला आहे. पाणी अक्षरशः उकळते. बोट थव्यात घुसवायची नाही, कडेने वाऱ्याबरोबर वाहत न्यायची. दोरीच्या टोकाला तार लागते, कारण याचे दात साधी दोरी कचकन तोडतात. मेल्यासारखा पडलेला ब्लूफिशही हाताचे बोट फोडतो, तेव्हा गळ खलाशालाच काढू द्यावा. त्याला वेगळी बक्षिसी द्यायची असते, भाड्याच्या पंधरा-वीस टक्के. हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही आणि मग धक्क्यावर अवघडल्यासारखे होते.

ब्लूफिशलाही मर्यादा आहे. 2019 मध्ये त्याचा साठा खालावल्याचे दिसल्यावर 2020 पासून स्वतःच्या बोटीवर किंवा किनाऱ्यावरून माणशी तीन आणि भाड्याच्या बोटीवर पाच असे ठरले. निघण्याआधी चालू वर्षाचा आकडा कप्तानाकडून विचारून घ्यावा.

"ब्लूफिश खायला वाईट, वास मारतो" असे गोरे लोक म्हणतात आणि आपले लोक मान डोलावतात, याचा मला खरा राग येतो. मालवणी माणसाने तरी असे म्हणू नये. मासा तेलकट आहे, बांगड्यासारखा, आणि बांगड्यासारखाच लवकर उतरतो. बोटीवर आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचे आणि बर्फ घातलेल्या खाऱ्या पाण्यात बुडवायचा. नुसत्या बर्फावर ठेवलेला चालत नाही, उन्हात बादलीत टाकलेला तर फेकूनच द्यावा. घरी तुकड्यांतला मधला काळपट पट्टा काढून टाकायचा आणि ओले खोबरे, तिरफळे व कोकम घालून तिखले करायचे, त्याच दिवशी. मात्र गरोदर बायका आणि लहान मुलांनी बास आणि ब्लूफिश हे दोन्ही मासे खाऊ नयेत असे इथले आरोग्य खाते सांगते, कारण मोठ्या माशांत पारा आणि कारखान्यांची रसायने साठतात. तेवढे पाळावे.

आपल्याकडेही राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, हे आपल्याच बातम्यांत वाचले होते. भाऊच्या धक्क्यावर किंवा मालवणच्या लिलावात कुणी पट्टी घेऊन उभे असते का, ते आपल्या बातमीदारांनी एकदा जाऊन पाहावे. नारळी पौर्णिमेनंतरचे पहिले दोन आठवडे त्यासाठी उत्तम. आणि पुरवणीत यापुढे अमेरिकेतल्या मासेमारीचे अनुभव छापाल, तेव्हा शेजारी एका चौकटीत चालू वर्षाचे माप आणि मर्यादाही छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक वाचक, र्‍होड आयलंड, अमेरिका