पोटच्या पोरावर जबरदस्ती केली नाही, परक्यावर कशी करू?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की ही ख्रिस्ती लोकं दवाखान्यात जाऊन खायला वाटतात ते धर्म बदलायलाच. नाव कुणाचं घेतलं नव्हतं पण बेळगावात दर शनिवारी सकाळी पेशंटच्या नातेवाईकांना उप्पीट आणि पेज घेऊन आम्ही जातो, त्यामुळे ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, शेवटी लिहायलाच बसले.

मी खानापूरची, वय ६८, जन्मापासून बाप्टिस्ट घरातली. आमच्याकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना कॅथलिक माहीत, मेथडिस्ट माहीत, बाप्टिस्ट म्हणजे काय ते शेजाऱ्यांनापण नीट माहीत नाही, त्यांचा काय दोष, आम्ही आहोतच मूठभर. वडील रेल्वेत, बदलीवर इकडे आले आणि आमच्याच सोप्यात सतरंजी घालून उपासना सुरू झाली, पेटी, टाळ, मराठी भजनं, मराठीतच प्रार्थना आणि नंतर सगळ्यांना चहा. त्या सतरंजीवर मी वाढले. पुढे मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये गेली, तिथे ४० वर्षं झाली मी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते.

आता मुद्द्याचं सांगते. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घ्यायचा विधी, तो आमच्यात तान्ह्या बाळाला देतच नाहीत. बाळाला मंडळीसमोर आणतात, प्रार्थना करतात, झालं. ते मोठं झालं, त्याला स्वतःला कळलं, स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर आपल्या श्रद्धेची साक्ष दिली की मगच पाण्यात उतरायचं, आणि पाणी म्हणजे नुसतं शिंपडायचं नाही, पूर्ण बुडवून. मी १९ वर्षांची असताना मलप्रभेत उतरले. जानेवारीतलं पाणी, दातावर दात वाजत होते, काठावर आई रडत होती आणि धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. त्याआधी वडिलांनी मला एकदाही 'घे' म्हटलं नव्हतं.

माझा थोरला आज ४१ वर्षांचा आहे, त्याने अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. वाईट वाटतं, का नाही वाटणार, रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करते. पण आमचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणायचे, हात धरून पाण्यात नेलं तर ती आंघोळ झाली, बाप्तिस्मा नाही झाला. मग पोटच्या पोरावर जी जबरदस्ती मी केली नाही ती सौंदत्तीहून आलेल्या, नवरा आयसीयूत असलेल्या बाईला वाटीभर पेज देऊन करेन असं वाटतं तुम्हाला?

आणि हे आमचं मूळच आहे. १६१२ मध्ये थॉमस हेल्विस नावाच्या बाप्टिस्ट माणसाने इंग्लंडच्या राजालाच छापून सांगितलं की माणसाच्या श्रद्धेवर राजाची सत्ता चालत नाही, तो मुसलमान असो, ज्यू असो, कोणीही असो. त्यापायी तो न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. विल्यम केरी हा इंग्लंडचा बाप्टिस्ट मिशनरी १७९३ ला बंगालात आला, पहिली सात वर्षं इथल्या एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. १८०० च्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाचा सुतार हुगळी नदीत उतरला, पहिला तो, आणि त्याच दिवशी केरीचा स्वतःचा मुलगा फेलिक्सपण. याच केरीने १८०५ ला मराठीचं व्याकरण आणि १८१० ला मराठीचा कोश छापला, वैजनाथ पंडितांना सोबत घेऊन. आपण सीमाभागातली माणसं मराठीसाठी एवढं भांडतो, आपल्या मुलांना हे माहीत पाहिजे की नको?

कुणी कुठे पैशाचं नाहीतर नोकरीचं आमिष दाखवत असेल तर त्याच्या विरोधात सगळ्यात आधी मी उभी राहीन. दवाखान्यात कुणी विचारलं तुम्ही कोण तर ख्रिस्ती म्हणून सांगतो, लपवत नाही, आणि कुणी स्वतःहून म्हटलं आमच्या पेशंटसाठी प्रार्थना करा तर करतो. नाहीतर 'ऊटा आतरी?', म्हणजे जेवण झालं का, एवढंच विचारायचं आणि वाढायचं, रामदुर्गकडच्या लोकांशी बोलून बोलून माझं कन्नड पण जरा सुधारलंय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही बायकांनी हॉलमध्ये रात्रभर भाकऱ्या थापल्या, गल्लीतल्या महिला मंडळाच्या बायका पीठ घेऊन आल्या, मशिदीतल्या पोरांनी टेम्पो दिला, गोकाककडे पोचवायला. भाकरी कुणाच्या हातची ते तिथे कुणी विचारलं नाही.

पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकांना माझी मनापासून विनंती आहे, या शनिवारी या. आम्ही साडेसहाला दवाखान्याच्या गेटजवळ असतो. दोन मोठी पातेली आहेत आणि आमच्यातले उचलणारे आता म्हातारे झालेत, तुम्ही एक बाजू धरलीत तर फार बरं होईल.

आपली एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव