तिने लावलेली पिन

क्राइस्टचर्च, न्यूझीलंड
२४ मार्च २०१९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू तीनदा म्हणालीस, "गाशा गुंडाळ आणि घरी ये." तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

त्या शुक्रवारी, १५ मार्चला दुपारी, इथल्या दोन मशिदींत एका बंदूकवाल्याने गोळीबार केला आणि शाळांची दारं आतून बंद झाली. सोनूचा वर्ग संध्याकाळपर्यंत टेबलांखाली बसून होता. घरी आल्यावर तो काही बोलला नाही, फक्त रात्रभर माझं बोट सोडेना.

अल नूर मशीद तुला आठवेल. हॅगली पार्कला लागून, डीन्स अव्हेन्यूवर. तू आलीस तेव्हा आपण रोज तिथून फिरायला जायचो. जुम्म्याच्या नमाजाला जमलेली माणसं गं. तिथली आणि लिनवुडच्या मशिदीतली मिळून आतापर्यंत ५० गेली, त्यांत आपल्या देशातलीही पाच. मारणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत हेच सांगितलं आणि मला ते मनापासून पटलं.

नाव घ्यायचं तर फरीद अहमद यांचं. ते व्हीलचेअरवर असतात. त्यांच्या पत्नी हुस्ना यांनी बायका-मुलांना बाहेर काढलं, आणि नवऱ्याला आणायला परत फिरल्या तेव्हा गोळी लागून गेल्या. दोन दिवसांत हा माणूस म्हणाला, मी त्याला माफ केलं. आई, मला नाही जमत. अजून डोळे मिटले की राग उसळतो. पण ज्याचं सगळं गेलं तो असं बोलू शकतो, हे कळल्यापासून माझा राग मलाच जड झालाय. लिनवुडला अब्दुल अझीझ यांनी तर हाताला लागलं ते कार्ड स्वाइपचं मशीन उचललं आणि त्या बंदूकवाल्याच्या अंगावर धावले. त्यांची मुलं आत होती.

गेल्या शुक्रवारी पार्कात हजारो माणसं जमली. बऱ्याच बायकांनी डोकं झाकलं होतं, मुसलमान नसलेल्यांनीसुद्धा. मी तू दिलेली निळी ओढणी घेतली होती, पण वाऱ्याने सारखी घसरत होती. शेजारी एक सोमाली आजी उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या ओढणीची पिन काढली, माझी ओढणी कानामागून घेऊन हनुवटीखाली नीट बसवली आणि गालावरून हात फिरवला, अगदी तू वेणी घालून झाल्यावर फिरवायचीस तसा. सांत्वन करायला मी गेले होते गं. दीड वाजता अजान झाली, मग दोन मिनिटं एवढ्या गर्दीत चिटपाखरूही बोललं नाही. इमाम गमाल फौदा म्हणाले, आमची मनं मोडली आहेत, पण आम्ही मोडलेलो नाही.

आदल्याच दिवशी, म्हणजे हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी, लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी जाहीर झाली. बोटॅनिक गार्डनच्या भिंतीकडेला फुलांची रांग संपतच नाही. सोनूने आपल्या दारची शेवंती नेऊन ठेवली.

म्हणून आई, आत्ता नाही येत. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण या माणसांना या दिवसांत सोडून निघायला पाय उचलत नाही. बाबांना तूच समजावून सांग. पाडव्याला व्हिडिओ कॉल करते, सोनूला गुढी दाखवायची आहे.

त्या आजींची पिन माझ्याकडेच राहिली. येत्या शुक्रवारी मशिदीपाशी जाऊन त्यांना शोधणार आहे.

तुझी लेक