सज्ञान की आश्रित, एकदाचं ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाला अठरा पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात त्याच्या बँक खात्याचा व्यवहार थांबला. आजवर पालक म्हणून माझी सही चालत होती. आता खातेदार सज्ञान, तेव्हा सही त्याचीच हवी, असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, जोडीला बौद्धिक अक्षमता. पेन हातात दिलं की तो टोपण काढतो, लावतो, पुन्हा काढतो. शेवटी बाईंनी शाईचं पॅड पुढे केलं. त्याने अंगठा कागदावर ओढला, मग शर्टाला पुसला आणि जांभळा डाग बघून खुदकन हसला. फराटलेला ठसा अर्थातच चालला नाही. बाईंना बोल लावत नाही, त्या बिचाऱ्या नियम पाळत होत्या.

नियमातून वाट तशी आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक समिती तो नेमते, कोर्टात जावं लागत नाही. त्या समितीचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलेलं आहे. पण वाढदिवसाआधी चौकशीला गेले तर उत्तर मिळालं, "अजून तुम्हीच नैसर्गिक पालक, अठरा झाल्यावर या." झाल्यावर गेले तर समितीची बैठक कधी, हे कुणाला सांगता येईना. तोवर कायद्याच्या लेखी मी त्याची कोणीच नाही.

खरी गंमत तहसील कचेरीत झाली. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं, म्हणून अर्ज करायला गेले. तिथे अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची, मर्यादा ५०,००० रुपये. दोन माणसं कमावत असतील तर कुठलं घर यात बसणार? (केंद्राची दिव्यांग पेन्शन दारिद्र्यरेषेखालच्यांनाच, आणि तिच्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.) म्हणजे बँकेत तो सज्ञान, माझा संबंध नाही, आणि तहसीलमध्ये तो आमच्या पगारावर जगणारं लेकरू!

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. तिथे पात्रता ठरवताना त्या अपत्याचं स्वतःचं उत्पन्न पाहतात. एका ठिकाणी हे जमतं, तर दुसऱ्या ठिकाणी का जमू नये?

पालकत्वाच्या कागदाने मुलाचा आवाज जातो, असं काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटतं. कुठला शर्ट घालायचा, कुणाच्या घरी जायचं नाही, हे तो शब्दांवाचून नीट सांगतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची, म्हणजे दोघांनी मिळून निर्णय घेण्याची कल्पना आहेच. तसं होणार असेल तर मला आनंदच आहे. पण तेही अठराव्या वाढदिवसाआधी ठरायला हवं. मोफत शिक्षणाचा हक्कही याच कायद्यात अठरापर्यंतच आहे, म्हणजे शाळा सुटते तीही नेमकी तेव्हाच.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढतानाच मुलाची जन्मतारीख सरकारला दिलेली असते. सतरा पूर्ण होताच घरी एक पत्र पाठवणं सरकारला अवघड नाही. पालकत्वाचा अर्ज सहा महिने आधी घ्यावा, सुनावणी उरकावी आणि आदेश वाढदिवसापासून लागू करावा. आणि अठरा ओलांडलेल्या दिव्यांगाचं अनुदान ठरवताना उत्पन्न त्याचं पाहावं, आईबापाचं नव्हे.

आपली,
एक आई