बाथरूमचं छत झालं एकदाचं, सगळ्यांना मनापासून थँक्यू

छताचा रंग सुटत होता आणि कोपऱ्यात डाग पडला होता, काय करू असं इथे विचारलं होतं. तेव्हा नुसता वरून रंग मारू नका असं ज्यांनी ज्यांनी बजावलं त्यांचे खूप खूप आभार, मी तर डबा उघडून बसलो होतो. आधी गळती आहे का बघा म्हणालात, बघितलं, नव्हती, सगळी आंघोळीच्या वाफेची करामत. खरवडायला घेतलं तर हाताएवढे पोपडे निघाले आणि मागे काळी बुरशी, ती ब्लीचच्या पाण्याने पुसली आणि छत पूर्ण वाळेपर्यंत थांबलो, मग सिमेंटवाली पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर आणि दोन हात रंग. थांबायला सांगणाऱ्यांचे तर विशेष आभार, ओल्यावर मारला असता तर परत सुटलाच असता! आता आंघोळीनंतर एक्झॉस्ट 20-30 मिनिटं चालू ठेवतो, कोपऱ्यातला तो डागही परत आलेला नाही.