340 रुपयांसाठी अख्खं खातं बंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पेठेत माझं लेस, गोटा, बटणं, अस्तर असं शिवणाच्या सामानाचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक घरी शिलाई करणाऱ्या बायका, दहाचं रीळ, वीसची चेन असले व्यवहार. नोटबंदीनंतर क्यूआर लावला आणि आता बहुतेक जण फोनच काढतात, सुट्ट्याची कटकट गेली, 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला चार्जही नाही, त्यामुळे मी स्वतःच सगळ्यांना सांगायचो की लावून घ्या म्हणून.

नवरात्राच्या आधी माल भरायचा होता. सकाळी होलसेलवाल्याला पेमेंट केलं, फेल. परत केलं, परत फेल. नेटवर्क असेल म्हणून तासभर थांबलो, मग ब्रँचला गेलो तर मॅडम स्क्रीनवर बघून म्हणाल्या, काका, तुमच्या खात्याला डेबिट फ्रीझ लागलाय, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणार नाहीत, सायबरची कंप्लेंट आहे. मला दरदरून घाम फुटला हो. आयुष्यात पोलीस स्टेशनची पायरी चढलेलो नाही.

झालं होतं असं की दुसऱ्या राज्यात कुणालातरी ऑनलाइन फसवलं, ते पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत गेले आणि त्यातले 340 रुपये माझ्या क्यूआरवर आले. बिलबुक काढून बघितलं, सोनेरी लेस 8 मीटर 240, बटणांची दोन पाकिटं 100. चेहरा काय आठवणार, दिवसाला शंभर माणसं येतात. आणि या 340 पायी खात्यातले पावणेदोन लाख अडकले! होलसेलवाल्याचा चेक परत गेला, कामाला असलेल्या मुलीचा पगार मेव्हण्याकडून उसने घेऊन दिला, आणि मुद्रा लोनचा हप्ता त्याच खात्यातून जातो तो बाऊन्स झाला. खात्यात पैसे असताना! फ्रीझ बँकेनेच लावलेला आणि दंडही बँकेनेच कापला. उद्या लोन वाढवून मागायला गेलो तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ते दिसणार, तेव्हा मी कुणाकुणाला ही कथा सांगत बसू?

बँक म्हणते, जिथे तक्रार झाली त्या पोलीस स्टेशनची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणा. मेल केले, फोन केले, कधी उचलला नाही तर कधी भाषेची अडचण. रोज सकाळी मुलाला 1 रुपया पाठवून बघायचो, जातोय का. तेविसाव्या दिवशी गेला. फ्रीझ काढला हेही कुणी कळवलं नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आली की लगेच पैसे अडवतात ही सोय चांगलीच आहे, ज्याचे पैसे जातात त्याची तडफड मोठी असते, माझा त्याला अजिबात विरोध नाही. माझे 340 अडवा, हजार अडवा, पण बाकीचे कष्टाचे पैसे कशासाठी? केरळ हायकोर्टाने 2023 मध्येच सांगितलंय की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं अडवावं. मग पुण्यातल्या ब्रँचमध्ये तसं का होत नाही? फ्रीझ लागला की त्याच दिवशी मेसेज यावा, त्यात पोलीस स्टेशन आणि तक्रार नंबर असावा, आणि त्या काळातल्या बाऊन्सचा दंड घेऊ नये, हप्ता थकल्याची नोंदही नको. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं म्हटलं तर आधी बँकेकडे तक्रार करायची आणि उत्तर आलं नाही तर 30 दिवस थांबायचं, तोवर आमचा अख्खा सीझन संपतो.

माझं कसंबसं निभावलं. पण ज्या ताईंच्या खात्यात सगळे मिळून चार हजार असतात त्यांचं असं झालं तर त्या रेशन कशावर भरणार? परवाच एका ताईंनी विचारलं, काका, शिलाई मशीनजवळ क्यूआर लावू का. लावा म्हणालो, पण घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा, असंही सांगावं लागलं.

आपला,
एक दुकानदार, रविवार पेठ, पुणे