डीएस-२०१९ मागण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. जानेवारी ते मे तू इथे पाहुणा संशोधक, सोबत वहिनी, आणि ऑगस्टमध्ये लेक एमएसला. घर म्हणजे अमेरिकन वकिलातीची शाखाच झालं की!

तू विचारलंयस, "एकदा व्हिसा लागला की सुटलो ना?" अरे, खरं काम तिथून पुढे आहे. पासपोर्टवरचा व्हिसा आत येण्यापुरता. आत आल्यावर त्याची मुदत संपली तरी काही बिघडत नाही. बिघडू द्यायचं नाही ते तुझं स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, आणि त्याची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी संगणक-प्रणालीत असते. ती २००३ पासून चालू आहे. त्यात नोंद करण्याचा अधिकार विद्यापीठातल्या मोजक्या लोकांना आहे: लेकीसाठी डीएसओ, तुझ्यासाठी आरओ किंवा एआरओ (हे सगळे त्यासाठी नेमलेले अधिकारी). तुला बोलावणारा प्राध्यापक कितीही मोठा असला तरी त्याच्या "काही हरकत नाही"ला तिथे काडीची किंमत नाही. आपल्याला सवय असते, आधी करून टाकायचं आणि मग कागद रंगवायचे. इथे परवानगी आधी, काम नंतर. मला तुला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. बाकीचं सगळं त्याचाच विस्तार.

आधी तुझं बघू, कारण एक निर्णय तुला आत्ताच घ्यायचाय. विद्यापीठ तुला डीएस-२०१९ पाठवेल, म्हणजे ज्यावर तुझा जे-१ हा पाहुण्या अभ्यासकांचा व्हिसा मिळतो तो फॉर्म, पण जे-१मध्ये पुष्कळ प्रवर्ग आहेत. बरेच विभाग सवयीनं "रिसर्च स्कॉलर" लिहून मोकळे होतात. त्यात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, म्हणून ऐकायला छान. पण त्या प्रवर्गातला मुक्काम संपवून गेलास, मग तो चार महिन्यांचा का असेना, की पुढचे २४ महिने रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून परत येता येत नाही. उरलेली साडेचार वर्षं गेली ती गेलीच. आणि हा निर्बंध सोबत आलेल्या जे-२ जोडीदारालाही लागतो! वहिनींना उद्या स्वतंत्र बोलावणं आलं तर नवऱ्यामुळे त्यांची वाट अडायची. याउलट "शॉर्ट-टर्म स्कॉलर"ला सहा महिन्यांची कमाल मर्यादा आहे, मुदतवाढ अजिबात नाही, पण २४ महिन्यांची आडकाठीही नाही. तुझा मुक्काम पाच महिन्यांचा आणि लगेच पुढच्या वर्षी वर्षभरासाठी यायचा विचार. तेव्हा तुला दुसराच सोयीचा. फक्त सहा महिन्यांपुढे मुदत वाढतच नाही, म्हणून पाच महिन्यांचे सात होऊ देऊ नकोस. आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आजच ईमेल टाक. फोन नको, लेखी हवं.

जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट तुला आठवत असेल, आपल्या बरोबरच्या कितीतरी जणांना ती नडली होती. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं कौशल्य-यादी, म्हणजे कोणत्या देशाच्या कोणत्या विषयांना ती अट लागते ती यादी, बदलली आणि भारताचं नाव त्यातून वगळलं, त्यामुळे केवळ विषयापायी ती अट आता आपल्याला लागत नाही. सरकारी पैशानं येणाऱ्याला, म्हणजे फुलब्राइटसारख्या शिष्यवृत्तीवाल्याला, ती अजून लागते. तुझा खर्च विद्यापीठाचा आहे, पण त्यामागे कोणाचा सरकारी निधी आहे का ते विचारून घे.

विम्याच्या बाबतीत चालढकल नको. जे-१ आणि जे-२ दोघांनाही संपूर्ण मुक्कामभर विमा सक्तीचा, आणि मुद्दाम टाळला तर कार्यक्रमच रद्द होतो. दर आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, आजारपणात मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, पार्थिव पाठवण्यासाठी २५,००० (वाचायला नकोसं वाटतं, पण रकाना आहे), आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरच्या वर नको. साध्या प्रवासी विम्यात यातलं काही ना काही हमखास कमी पडतं. पॉलिसी घेण्याआधी तिचा कागद कार्यालयाला दाखव.

आता मानधनाचं. आमच्या विभागात एक पाहुणे संशोधक होते. दुसऱ्या विद्यापीठानं व्याख्यानाला बोलावलं, गृहस्थ आनंदानं गेले, व्याख्यान झकास झालं. महिन्याभरानं खिडकीच्या पाकिटातून चेक आला आणि तेव्हा कुणीतरी विचारलं, आरओचं पत्र घेतलंत का? जे-१च्या प्रोफेसर आणि रिसर्च स्कॉलर प्रवर्गांत असं तुरळक व्याख्यान चालतं, मानधनही चालतं, पण लेखी मंजुरी व्याख्यानाच्या आधीची लागते. मागाहून मिळत नाही. तो चेक बरेच दिवस त्यांच्या कीबोर्डखाली पडून होता, शेवटी परत गेला. तुला तर चार ठिकाणांहून बोलावणी येणार, मी ओळखतो तुला. तुझ्या प्रवर्गात ते चालतं का, हे आधी आरओला विचार.

आल्या आल्या कार्यालयात नोंद कर, राहण्याचा पत्ता दे. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी तुझी नोंद सेव्हिसमध्ये पक्की करावी लागते. पुढे पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. आय-९४, म्हणजे तुझ्या प्रवेशाची सरकारी नोंद, संकेतस्थळावरून उतरवून घे आणि प्रवर्ग बरोबर पडलाय का बघ. त्यावर अनेक वर्षं तारखेऐवजी "डी/एस" येतं, म्हणजे स्टेटस टिकेल तोवर राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये ते काढून ठरावीक मुदत द्यायचा प्रस्ताव सरकारनं मांडला, तेव्हा तुझ्या कागदावर प्रत्यक्ष काय छापलंय ते नीट वाच. वहिनींना जे-२वर नोकरीची परवानगी मागता येते, पण ती हातात येईपर्यंत तुमची परतीची वेळ होईल. अर्जाचे पैसे वाया घालवू नका.

लेकीचं प्रकरण वेगळं. एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी-व्हिसावर, पूर्णवेळ शिक्षण लागतं. पदवीला १२ क्रेडिट, एमएसला विद्यापीठ ठरवेल तेवढे, बहुतेक ठिकाणी ९. त्यात ऑनलाइन विषय एकच मोजतात. विषय जड गेला म्हणून मुलं शेवटच्या तारखेला पोर्टलवर बटण दाबून तो सोडतात, मार्गदर्शकानं होकार दिलेला असतो, आणि डीएसओला पत्ताच नसतो. कॅम्पसवरची नोकरी सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, सगळ्या नोकऱ्या मिळून. बाहेरचं काम, मग ते ॲपवरून जेवण पोचवणं असो की ओळखीच्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणं असो, अजिबात नको. क्रेडिट कमी पडून स्टेटस गेलं तर पाच महिन्यांच्या आत पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, तो मंजूरही होऊ शकतो. पण विनापरवाना काम केलं असेल तर त्या अर्जाचा मार्गच बंद. हा फरक तिला नीट बसवून सांग, माझ्या नावानं सांग.

इंटर्नशिपसाठी सीपीटी ही शिकतानाची कामाची परवानगी, पण तिचे पूर्णवेळ बारा महिने झाले की ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, हातची जाते. ओपीटी १२ महिने, तिच्या विषयाला पुढे आणखी २४. पहिल्या टप्प्यात बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात. पण हे सगळं दोन वर्षांनी, आत्तापासून त्या पोरीचं डोकं खाऊ नकोस.

व्हिसाच्या मुलाखतीचं आता पूर्वीसारखं नाही. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि जे-१, जे-२ व्हिसावाल्यांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. सेव्हिसचं शुल्क तुझं २२० डॉलर, तिचं ३५०, व्हिसाच्या शुल्काहून वेगळं. पावत्या जपून ठेव. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक बंद केल्या होत्या, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मग त्या परत चालू झाल्या. सगळे नियम पाळणाऱ्यावरही अशी वेळ येऊ शकते, आणि तेव्हा हातात कागद असले तर वकिलाला काही करता येतं. त्यामुळे आय-२० (लेकीचा तसाच फॉर्म), डीएस-२०१९, जुने, नवे, सगळे ठेवा. एकही फेकू नका.

कराचं सविस्तर फोनवर बोलू. तूर्त एवढंच, उत्पन्न शून्य असलं तरी फॉर्म ८८४३ तुम्हा दोघांनाही भरायचाय.

डीएस-२०१९ आला की आधी चौथा रकाना बघ, प्रवर्ग तिथे असतो. "शॉर्ट-टर्म स्कॉलर" नसेल तर मुलाखतीची तारीख घेण्याआधी मला फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच