सोनसाखळीचोराला फाशी मागण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रोड, विजापूर रोड भागात सोनसाखळी हिसकावल्याची बातमी आली की ‘भर चौकात फटके द्या’, ‘फाशीच द्या’ अशी मागणी सुरू होते. राग समजण्यासारखा आहे. मंगळसूत्र ओढताना बाई रस्त्यावर आपटते, मानेची कातडी सोलवटते. पण शिक्षा वाढवली की गुन्हे घटतात, हा हिशेब मुळातच चुकतो.

मिलानचा कायदेविषयक विचारवंत चेझारे बेकारिया याने १७६४ साली हेच मांडले. माणूस नफा-तोटा पाहून वागतो. शिक्षेचा तोटा गुन्ह्याच्या फायद्याहून थोडा जास्त असला तरी पुरतो. मात्र ती नक्की व्हावी आणि लवकर व्हावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तरी फास. मग ज्यूरीच माल ३९ शिलिंगांचा ठरवून माणूस वाचवायची. शिक्षा इतकी कडक की ती द्यायलाच कोणी धजेना. शिवाय हिसकावण्याला आणि खुनाला एकच शिक्षा ठेवली, तर चोर साक्षीदाराला जिवंत कशाला सोडेल?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. दुखापत केली की प्रकरण जबरी चोरीत, म्हणजे कलम ३०९ मध्ये जाते आणि दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायदा पुरेसा कडक आहे. खटला पडतो तो पुराव्यात. दागिना सराफाकडे वितळून त्याची लगड झालेली असते. ती आपलीच, हे फिर्यादी कशावरून सांगणार? म्हणून वजनाची पावती आणि दागिना अंगावर असतानाचा फोटो जपून ठेवावा, फिर्यादीत वजन व घडण नोंदवावी. ओळख परेडमध्ये, म्हणजे साक्षीदाराकडून चोर ओळखून घेताना, एका संशयिताबरोबर त्याच्यासारख्या अंगकाठीचे किमान सहा जण उभे करायचे असतात. ती उशिरा झाली, किंवा आरोपीचा चेहरा आधीच सगळ्यांनी पाहिला असला, तर उलटतपासणीत ती टिकत नाही. पंच फितूर होणे नेहमीचेच. त्यावर उपाय म्हणून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. ते खरोखर होते का, हे विचारा.

अर्थात, गुन्हा पाहा आणि कर्ता पाहूच नका, हेही चालत नाही. फ्रान्सच्या १७९१ च्या दंडसंहितेने प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा ठरवून न्यायाधीशाचे हात बांधले. १८१० मध्ये किमान-कमाल मर्यादा आणून ते थोडे मोकळे करावे लागले. बेकारियाच्या ‘अभिजात’ विचाराला मुरड घालून वय, मनाची अवस्था, परिस्थिती तोलणारा ‘नवअभिजात’ विचार यातूनच वाढला. आपल्याकडे सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हाच नाही. २१ वर्षांखालील आरोपी जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर १९५८ च्या परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका) कायद्यानुसार न्यायालयाला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तुरुंगातच धाडायचे तर कारणे लिहावी लागतात. हा अहवाल दोन ओळींत उरकला की पहिल्यांदा सापडलेला पोरगा आणि टोळीचा म्होरक्या एकाच कोठडीत जातात. पुढची चोरी तिथेच शिजते.

कर्ता पाहणे म्हणजे जात पाहणे नव्हे, हे सोलापूरकरांना तरी सांगावे लागू नये. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. इथल्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणात कोंडली गेली, हजेरी देत राहिली. ना कृत्य, ना पुरावा. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी चोरी झाली की बोट ठरावीक वस्त्यांकडेच जाते. त्यात निरपराध पोरगा आत जातो आणि खरा चोर पुढच्या गल्लीत मोटारसायकल वळवतो.

आपल्या वृत्तपत्राला विनंती : ओळख परेड होईपर्यंत संशयितांचे चेहरे छापू नयेत. आणि अटकेची बातमी पहिल्या पानावर देता, तसे त्याच गुन्ह्याचे दोषारोपपत्र कधी गेले, निकाल काय लागला, सुटका झाली तर कोणत्या त्रुटीमुळे, हेही छापावे.

आपला,
फौजदारी कायद्याचा एक अभ्यासक, सोलापूर